घाटघरचे पाणी आणि पाठीवरची वीज

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याची झाडे काजव्यांनी लखलखू लागली, की दूरदूरचे लोक येथे येऊन तंबू ठोकतात. जेथे विजेची तार नाही तेथे पेट्रोलवर चालणारे जनित्र लावतात. मग त्याचा धूर आणि धडधड साऱ्या रानाला सोसावी लागते. काजवे पाहावयाचे तर दिवे मालवावेत हेच उत्तम. परंतु अडचणीत मदत बोलाविण्यास भ्रमणध्वनी लागतो, आणि त्याला वीज लागते.

अशा ठिकाणी उपयोगी पडणारे एक साधन म्हणजे हायड्रोजनचा इंधनघट होय. पाण्यातून वीज सोडली असता हायड्रोजन व प्राणवायू वेगळे होतात, हे तुम्हांस ठाऊक आहे. इंधनघटात नेमके उलट घडते. एका बाजूने नळकांड्यातील हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवेतील प्राणवायू. मध्ये एक पातळ पडदा असतो. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. त्या बिचाऱ्याला तारेतून वळसा घ्यावा लागतो, आणि त्या वळशावरच आपला दिवा लागतो! पलीकडे सर्वांचे मिळून पाणी होते. ज्वाला नाही, धूर नाही. एका घटाचा विद्युतदाब एक व्होल्टहूनही कमी असल्यामुळे अनेक घट एकास एक जोडतात.

पण हा हायड्रोजन येतो कोठून? याच तालुक्यातील घाटघरचे २५० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र २००८ साली सुरू झाले. विजेची मागणी कमी असते तेव्हा कड्याखालच्या जलाशयातील पाणी वीज खर्चून वर चढवितात; मागणी वाढली, की तेच पाणी खाली सोडून वीज मिळवितात. अशा केंद्रांत खर्चिलेल्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश परत मिळते. हायड्रोजनची गोष्ट अशीच, पण हिशेब महाग. पाण्यापासून एक किलोग्रॅम हायड्रोजन काढण्यास सुमारे ५० युनिट वीज लागते आणि घटातून जेमतेम १६ युनिट हाती येतात. मात्र तलाव पाठीवर टाकून गड चढता येत नाही! एका रात्रीपुरती वीज हवी असेल तर बॅटरीच बरी. अनेक दिवस रानात राहणाऱ्याला हा घट सोयीचा.

शिवाय आज जगातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात. तसा हायड्रोजन वापरला, तर धूर रानातून हलून कारखान्यात गेला एवढेच.

हा वायू रंगहीन व गंधहीन असून चटकन पेट घेतो. हवेहून सुमारे चौदा पट हलका असल्यामुळे तो उघड्यावर वर निघून जातो, बंदिस्त जागेत मात्र छताशी साठतो. म्हणून त्याचे नळकांडे तंबूच्या बाहेरच ठेवावे लागते.