गर्भस्रावात शृंगाटकादि आहार : परीक्षा कशी करावी?

गर्भ टिकून असता रक्तदर्शन झाल्यास चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात शय्याविश्रांतीसह शृंगाटक, पुष्करबीज व कशेरुक खावयास सांगितले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील आम्ही वैद्य शिंगाडा व कमळाचे बी यांची दुधातील खीर देतो आणि गर्भ टिकला की ते यश खिरीचे मानतो. चूक इथेच होते.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘प्रिझम’ चाचणीत प्रारंभीच्या महिन्यांत रक्तस्राव झालेल्या 4153 गर्भिणी होत्या. प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत 75 टक्के, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत 72 टक्के स्त्रियांस 34 आठवड्यांनंतर जिवंत अपत्य झाले. औषधाविनाही दहांतील सात गर्भ टिकत असतील, तर आमच्या वह्यांतील यशस्वी रुग्णांस तुलनागटाशिवाय किंमत ती काय?

प्रथम सोनोग्राफी करवून गर्भ गर्भाशयातच आहे व हृदयस्पंद आहे याची खात्री करावी. बीजवाहिनीतील गर्भ असता खिरीवर दवडलेला एक दिवस प्राणघातक ठरू शकतो. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत; एकास ही खीर, दुसऱ्यास तशीच दिसणारी तांदळाच्या पिठाची, बाकी पथ्य समान. नीतिसमितीची संमती व सीटीआरआयमध्ये आगाऊ नोंद हवीच. निकष स्राव थांबण्याचा नव्हे, जिवंत अपत्यजन्माचा असावा.

औषधी दुकानदारांस एक विनंती. पुष्करबीज म्हणजे कमळाचे बी. मखाणा ही निराळी वनस्पती आहे. पुडीत एकाऐवजी दुसरे गेले, तर परीक्षा नेमकी कशाची झाली हे कोणासच सांगता येणार नाही.