धुळ्याचे दप्तर, जळगावचे यंत्र

धुळ्याच्या एका सहकारी संस्थेचे सभासद-दप्तर, जे मोटोरोला प्रोसेसरच्या जुन्या युनिक्स यंत्रावर वर्षानुवर्षे साठत आले होते, ते जळगावच्या शाखेतील इंटेलच्या संगणकावर आणून रुजू करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा फाइल एक बाइटही न गळता उतरली, आणि तरीही तिच्यातील एकही आकडा खरा निघेना. ज्या सभासदाचा पिनकोड जळगावचा, म्हणजे ४२५००१, त्याच्या नावापुढे ६९,५९,९३,८५६ ही अजस्र संख्या उमटे. ४२५००१ चे चार बाइट म्हणजे ०, ६, १२४ आणि ४१. त्यांतला थोर बाइट मोटोरोला आधी ठेवतो, इंटेल धाकटा आधी ठेवतो, आणि मूळ प्रोग्रामरने सी भाषेतील अख्खे स्ट्रक्चर एफराइटने जसेच्या तसे फाइलीत ओतल्यामुळे एका यंत्राची खासगी सवय संस्थेच्या दप्तरात कायमची दाखल झाली होती.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ज्या जातीची मोडी कागदपत्रे जतन केली आहेत, तशा कागदांत शुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा, म्हणजे एक, साठ, शंभर व हजार असा एककापासून चढत जातो, आणि तोच आपण ११६१ असा हजारापासून उतरत लिहितो. पानिपतच्या संग्रामाचे हे वर्ष चुकत नाही, कारण वाचणाऱ्यास दोन्ही रीती ठाऊक असतात. आमच्या फाइलीत रीत कोठेही नमूद नव्हती, आणि ती बांधणारे गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेले होते.

सभासदांची नावे युटीएफ-१६ मध्ये नेताना हाच घोळ अक्षरांत उतरला: धुळ्याचा ‘ध’ ०९२७, तो उलटला की २७०९, म्हणजे चक्क टपालाच्या पाकिटाचे चित्र, आणि जळगावचा ‘ज’ उलटला की सिक्कीमकडील लेपचा लिपीतले अक्षर! युटीएफ-८ मध्ये हा प्रश्नच नाही, म्हणून नावांसाठी तेच पत्करावे.

आकड्यांसाठी मात्र क्रम एकदाच ठरवून प्रत्येक क्षेत्र बाइटाबाइटाने लिहावे व वाचावे. मग प्रोग्राम कोणत्या यंत्रावर चालतो याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही, आणि ‘यंत्र इंटेलचे असल्यास उलटा’ अशा अटी पेरण्याची जी खोड पुष्कळांना असते, तीही सुटते. ‘लाँग’वर भिस्त ठेवू नये, कारण ६४-बिट लिनक्सवर तो सामान्यतः आठ बाइटांचा आणि विंडोजवर चारांचा, स्ट्रक्चरमध्ये कंपायलर सोडतो त्या पोकळीवरही नको. पायथॉनच्या स्ट्रक्टमध्ये साच्याच्या आरंभी > किंवा < हे चिन्ह न दिल्यास तोही यजमान यंत्राचाच क्रम आणि त्याचीच पोकळी घेतो. विंडोजवर फाइल बायनरी म्हणून न उघडल्यास लिहिताना प्रत्येक १० या बाइटाआधी एक १३ आगंतुकपणे शिरतो, हे निराळेच.

आणि क्षेत्र, रुंदी, क्रम यांची नोंद असलेला कागद ज्या दप्तरासोबत नाही, ते हलविण्याचे काम आल्यास आधी तो कागद मागावा, आणि तो हाती येईपर्यंत मेहनताना व मुदत यांपैकी काहीही कबूल करू नये.