एका जुवाखालचे दोन भाऊ

सज्जनहो, ज्याने संसार टाकला त्याने डोंगरावर जाऊन एकांतात बसावे, की लोकांत राहून शिकवावे? हा प्रश्न सर्वच देशांतील विरक्तांना पडत आला आहे. नवव्या शतकात युरोपातील दोन ख्रिस्ती भावांपुढे तो उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडवला, ते आज पाहू.

थेस्सलोनिका हे ग्रीकभाषी लोकांचे मोठे बंदर. तेथील एका लष्करी अधिकाऱ्याला सात मुले. त्यांतला मेथोडियस वडील भाऊ आणि कॉन्स्टंटाइन शेंडेफळ. शहराच्या आसपास स्लाव लोकांची वस्ती होती, म्हणून ग्रीकबरोबर स्लाव बोलीही दोघांच्या तोंडी बसली. मेथोडियसाने काही वर्षे स्लावांच्या एका प्रांताचा कारभार पाहिला. पुढे मन उडाले. अधिकार टाकून तो आशिया मायनरमधील ऑलिंपस पर्वतावर भिक्षू झाला. (ग्रीक देवांचा ऑलिंपस तो निराळा.) धाकटा कॉन्स्टॅन्टिनोपल या राजधानीत शिकला आणि तेथेच तत्त्वज्ञान शिकवू लागला.

सन ८६२ च्या सुमारास मोरावियाचा राजा रास्तिस्लाव याने सम्राट तिसरा मायकेल याच्याकडे दूत पाठवले. मोराविया म्हणजे आजच्या चेक व स्लोवाक देशांचा मुलूख. राजाचे मागणे एवढेच, की आमच्या लोकांना आमच्या भाषेत धर्म समजावून सांगणारा शिक्षक द्या. जर्मन पाद्री तेथे आले होते, पण उपासना चाले लॅटिनमध्ये. लोक हात जोडून उभे राहात आणि न समजता घरी जात. राजाच्या मनात निव्वळ धर्म होता असे नाही. शेजारच्या जर्मन राजाचा दाबही त्याला झुगारायचा होता. पण मागणी खरी होती.

सम्राटाने या दोघा भावांना निवडले. अडचण अशी, की स्लाव बोलीला स्वतःची लिपी नव्हती. ग्रीक वर्णमालेने भागेना. कारण 'च', 'श' यांसारखे ध्वनी स्लाव बोलीत पदोपदी येतात आणि ग्रीकमध्ये त्यांना अक्षरेच नाहीत. तेव्हा कॉन्स्टंटाइनाने एकेक ध्वनी ऐकून नवी अक्षरे घडवली. या लिपीला ग्लागोलितिक म्हणतात. तिच्यात शुभवर्तमानाचे भाषांतर सुरू झाले आणि ८६३ साली दोघे मोरावियाला निघाले. तेथे त्यांनी मुले गोळा केली, त्यांना अक्षरे शिकवली, प्रार्थना शिकवल्या.

मग विरोध उठला. ८६७ साली व्हेनिस शहरात पाद्री मंडळींनी कॉन्स्टंटाइनाला घेरले. त्यांचा पूर्वपक्ष असा : येशूच्या क्रुसावरचा लेख हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत होता, तेव्हा देवाची उपासना या तिन्हींतच व्हावी, चौथीत नव्हे. कॉन्स्टंटाइनाने दृष्टान्ताने उत्तर दिले. पाऊस आणि ऊन सर्वांना सारखेच मिळते, मग देवाचे शब्द तेवढे तिघांच्या वाट्याचे कसे? शिवाय आपापल्या भाषेत उपासना करणाऱ्या आर्मेनियन, सिरियन इत्यादी लोकांची यादीच त्याने पुढे ठेवली. पुढे रोममध्ये पोप दुसरा हेड्रियन याने स्लाव भाषेतील ग्रंथांना मान्यता दिली.

पण तेथेच धाकटा भाऊ आजारी पडला. अखेरच्या दिवसांत त्याने भिक्षूची दीक्षा घेऊन सिरिल हे नाव धारण केले आणि १४ फेब्रुवारी ८६९ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, देह ठेवला. मरतेवेळी भावाशी तो जे बोलला, त्याचा आशय जुन्या चरित्रात आहे. आपण दोघे एका जुवाखालचे बैल. माझा दिवस संपला, मी तासातच पडलो. तुला डोंगर फार प्रिय, हे मी जाणतो. पण डोंगरासाठी शिकवणे सोडू नकोस.

येथे शंका येईल, की विरक्ताला एकांतातून ओढून काढणे हे बरे का? समाधान असे, की एकांताचाही मोह जडतो. घरदार सोडणे सोपे, पण आवडता डोंगर दुसऱ्यासाठी सोडणे अवघड. मेथोडियसाचा खरा त्याग हा.

आणि त्या त्यागाचे फळ काय? पोपने त्याला आर्चबिशप नेमले, पण बव्हेरियाच्या बिशपांनी, हा मुलूख आमचा म्हणून, ८७० साली त्याला पकडून सुमारे अडीच वर्षे कोंडून ठेवले. पोप आठवा जॉन याने ८७३ मध्ये सोडवले, पण स्लाव उपासनेला मनाई केली. ८८० मध्ये त्याच पोपने ती पुन्हा मान्य केली. हा मनुष्य मात्र भाषांतर करीतच राहिला. ६ एप्रिल ८८५ रोजी तो वारला, तेव्हा लॅटिन, ग्रीक आणि स्लाव अशा तिन्ही भाषांत त्याच्यासाठी प्रार्थना झाल्या.

तो गेला आणि शिष्यांवर आकाश कोसळले. स्लाव उपासनेला पुन्हा बंदी आली. कित्येकांना देशाबाहेर हाकलले, काहींना गुलाम म्हणून विकले. सगळे बुडाले असेच कोणालाही वाटले असते. परंतु क्लेमेंट, नाऊम आदी शिष्य डॅन्यूबच्या काठाने बल्गेरियाला पोचले. तेथील राजा बोरिस याने त्यांना आश्रय दिला. क्लेमेंटाने ओह्रिद भागात हजारो विद्यार्थी तयार केले. बल्गेरियातच पुढे दुसरी, सोपी लिपी घडली. तिला सिरिलच्या नावावरून सिरिलिक म्हणतात. आज रशिया, युक्रेन, बल्गेरिया, सर्बिया येथील मुले तीच गिरवतात.

बघा, ज्या मोरावियासाठी एवढे कष्ट घेतले तेथे बी टिकले नाही; ते उगवले दुसऱ्याच रानात. नांगरणाऱ्याने पीक कोठे येईल हे विचारू नये, तास मध्येच सोडू नये. आणि ज्याला कळले, त्याने ते ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावे. या दोन भावांच्या चरित्रातून एवढे घ्यावे, म्हणजे पुष्कळ झाले.