दोन टक्क्यांच्या अलीकडचं

भोसरी, पुणे
५ जुलै

चि. मुक्ता हिस,



तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर तू सारखी ‘हो मामा, हो मामा’ करतेस आणि माझं वाक्य अर्धंच राहतं, म्हणून लिहितोय. नव्या नोकरीची कंपनी मोठी, पगार चांगला आणि काम सीएसआरचं, म्हणजे समाजाचं, म्हणून ताई सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगते आहे. मलाही आनंद झाला. तू विचारलंस की पहिल्या वर्षी शाळा घ्यावी, पाणी घ्यावं की झाडं. त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण त्याआधी दुसरं बरंच सांगायचं आहे.

आधी कायदा वाच. साहेबांनी केलेलं सादरीकरण नव्हे, मूळ कायदा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. २०२१ पासून न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात किंवा ठरवून दिलेल्या निधीत भरावा लागतो, त्यामुळे मार्च जवळ आला की तुमच्या खात्यात लग्नघरासारखी धावपळ सुरू होते. ती तुला दिसेलच.

याच नियमांत एक बारकी गोष्ट आहे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्च यात धरता येत नाही, आणि फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचा खर्चही धरता येत नाही. हे बरोबरच आहे. मशीनला गार्ड बसवला किंवा वेंडरचं बिल वेळेवर दिलं म्हणून कुणी पुण्य मागू नये. पण याचा उलटा अर्थ ऑफिसांमधून हळूहळू रुजलेला मी पाहतो: जे त्या २ टक्क्यांत बसत नाही, ती जबाबदारीच नाही. नफा झाल्यावर त्यातला तुकडा कुठे द्यायचा याला वेगळं खातं, वेगळी समिती, वेगळा अहवाल. तो नफा झाला कसा, हे विचारायला मात्र कुणी नेमलेलं नसतं. माझं सांगणं एवढंच आहे की तू तिकडे बघत राहा, जरी तुझ्या खुर्चीचं ते काम नसलं तरी.

बिलापासून सुरू करतो, कारण वेंडर म्हणून त्यात माझं आयुष्य गेलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा सांगतो की माल स्वीकारल्यावर पैसे ठरल्या मुदतीत द्यायचे, आणि मुदत काहीही ठरवली तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर याहून कडक काय हवं? पण ते व्याज मागणारा वेंडर मला दाखव. मागितलं त्या दिवशी पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेलेली असते. २०२४-२५ च्या कर आकारणीपासून आयकर कायद्यानेही चिमटा काढला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. त्यावर एका खरेदी अधिकाऱ्याने मला काय सुचवावं? ‘नाना, तुम्ही ती लघुउद्योगाची उद्यम नोंदणीच काढून टाका ना, दोघांचीही कटकट मिटेल.’ कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्या डिजिटल वर्गखोल्यांचे फोटो तू पेपरात पाहिले असशील.

नव्वद-शंभर दिवस पैसे अडकले की इकडे काय होतं, ते तुला कुठल्या अहवालात मिळणार नाही. मी बँकेच्या कॅश क्रेडिटमधून पैसे उचलतो आणि व्याज भरतो. पत्रेवाला रोखीशिवाय माल सोडत नाही. पगार सात तारखेला द्यायचा असतो, तो कायम माणसांना मिळतो. ठेकेदाराच्या मुलांना मिळतो बारा-पंधरा तारखेला, कारण ठेकेदाराला मी उशिरा देतो. त्या पोरांची खोली चिंचवडात, चौघांत एक, आणि घरमालक पाच तारखेला दारात. म्हणजे तुमच्या कंपनीने वापरलेल्या बिनव्याजी पैशाचं व्याज शेवटी ओडिशातल्या एखाद्या पोराच्या किराणा उधारीवर चढतं. मधे कुणीही वाईट माणूस नसतो, हे ध्यानात घे. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याला थांबवलेलं असतं.

आता प्रेसचं सांगतो. आमच्याकडे पत्र्याची पट्टी डायमध्ये सरकवायची, बटणं दाबायची, रॅम खाली येतो, ब्रॅकेट तयार. बटणं दोन असतात आणि दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक बसतो, म्हणजे रॅम उतरताना दोन्ही हात बटणांवर गुंतलेले राहतात. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं की एक हात मोकळा झाला. तो पुढची पट्टी सरकवतो आणि तासाचे नग वाढतात. मग कधीतरी रॅम खाली येतो तेव्हा तो हात आतच असतो. आमच्या पट्ट्यात हस्तांदोलन करताना एखाद्याची दोन बोटं कमी लागली तर कुणी विचारत नाही, कशाने गेली. आणि अपघात झाल्या दिवशी घाईघाईने माणसाचं कामगार विम्याचं ईएसआय कार्ड काढायचं, हाही प्रकार इकडे नवा नाही.

चिकटपट्टी कोण लावतो? लावतो ऑपरेटर. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो आणि मालक नग मोजतो. इथवर सगळ्यांना दिसतं, पोलिसालाही. त्याच्या वर तुमच्या एसी ऑफिसात एक माणूस बसलेला असतो, जो दरवर्षी करार नवा करताना रेट खाली आणायला सांगतो. पत्र्याचा भाव वाढला तर कागद दाखवून वाढ मिळते. मजुरी वाढली, तर ‘ते तुमचं तुम्ही बघा, प्रॉडक्टिव्हिटी वाढवा.’ प्रॉडक्टिव्हिटी वाढवायचा सगळ्यात स्वस्त रस्ता ती चिकटपट्टी आहे. मी प्रेसवर लाइट कर्टन लावले. किरणांच्या पडद्यात हात आला की रॅम जागीच थांबतो. पण जुन्या की-क्लचच्या मशीनवर त्याचा उपयोग नाही, कारण तिथे एकदा सुटलेला स्ट्रोक अध्येमध्ये थांबत नाही. ती मशीनंच बदलावी लागतात. हा खर्च मला तुमच्या लोकांच्या कुठल्याही कॉस्टिंग शीटमध्ये दाखवता आला नाही. तिथे त्याचा रकानाच नव्हता.

तू म्हणशील, मामा, मी तिथे नवी, पर्चेसच्या साहेबांना काय शिकवू? शिकवू नकोसच. पण तुझी कंपनी शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजारांत आहे, म्हणजे सेबीच्या नियमाप्रमाणे तिला दरवर्षी व्यवसाय-जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. २०२२-२३ पासून तो सक्तीचा आहे. ते रकाने भरायचं रटाळ काम नव्या माणसाच्याच गळ्यात पडतं. आनंदाने घे. त्यात अपघातांचे आकडे विचारतात, कायम आणि ठेक्यावरच्या कामगारांचं वेगवेगळं विचारतात, देणी सरासरी किती दिवसांनी चुकवता हेही आता विचारतात. शिवाय ४५ दिवसांवर थकलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या देण्यांचा तपशील कंपनीला दर सहामाहीला सरकारकडे भरावा लागतो. तो फॉर्म फायनान्सकडून मागून घे आणि अहवालाशेजारी ठेवून वाच. कुणावर आरोप करू नकोस. ‘सर, या दोन ठिकाणचे दिवस जुळत नाहीत, कोणते लिहू?’ एवढं साळसूदपणे विचार. ऑफिसात हा प्रश्न भाषणापेक्षा लांब जातो.

आता जुनी उदाहरणं घे. टाटांनी जमशेदपूरला १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आणला, १९२० मध्ये प्रॉव्हिडंट फंड. त्याचा देशभराचा कायदा १९५२ साली आला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत एकत्रच उभी केली, आणि तिथे रात्रीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. ही नावं तुमच्या ट्रेनिंगमध्ये येतील आणि मागे सतार वाजेल. ते संत होते म्हणून हे मी सांगत नाही. स्थिर, निरोगी कामगार त्यांना धंद्यासाठीही हवा होता. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की ही सगळी कामं कारखान्याच्या आत होती, पगारात, तासांत, नोकरीवर घेण्यात.

त्याहून मला पटतो तो बाबासाहेबांचा १९२८ मधला युक्तिवाद. मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल होतं. गिरणीवाल्यांना त्याचा भुर्दंड नको होता. बाबासाहेबांनी मान्य केलं की मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो, तेव्हा त्यालाही मोकळं सोडता येणार नाही. बघ, इथे दयेचा प्रश्नच नाही. फायदा घेतलास, तर त्याच्याबरोबर येणारा खर्चही तुझा, असा सरळ हिशेब. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

हा हिशेब घरालाही लागू आहे, आणि इथे मला तुझ्यापेक्षा तुझ्या सोसायटीबद्दल बोलायचं आहे. पुण्यात कचरावेचक बायकांची स्वतःच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे, महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलते. तुझ्याकडे येणारी कचरावेचक बाई हाताने वर्गीकरण करते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढीच विनंती या बायकांनी शहराला केली होती, म्हणजे ते उघडून बघावं लागू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी पाकिटाबरोबर गुंडाळायची पिशवी द्यावी असं लिहिलेलं होतं. पिशवी नसेल तर जुना पेपर आहे, लाल पेन आहे. तुमच्या ग्रुपवर पर्यावरणदिनाचे फॉरवर्ड येतात, आणि कचरेवाल्या बाईचे महिन्याचे पैसे द्यायची तीनदा आठवण करावी लागते. भांडीवाल्या मावशींना पगारी सुट्टी किती, हे तुमच्या फ्लॅटमध्ये तिघींनी बसून एकदा ठरवा. आजारी पडल्यावर ठरवायला गेलं की नेहमी कमीच ठरतं.

ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला किती तास उभा असतो, त्याला बसायला स्टूल आहे का, तेही बघून ठेव. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा द्यावी म्हणून केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. स्टुलासाठी कायदा!

दान करू नये असं माझं म्हणणं नाही. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या गंगाराम कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि मग स्वतः लवाजम्यासकट तिथे थांबून चहा प्यायले, दुसऱ्यांनाही पाजला, ही गोष्ट मला देणगीच्या यादीपेक्षा मोठी वाटते. महाराज गिऱ्हाईक झाले. तुमची कंपनी दिवाळीला हजारो भेटवस्तूंचे खोके घेते, कॅन्टीनला रोज भाजी घेते. ते कुणाकडून घ्यायचं, हे तुझं खातं सुचवू शकतं, आणि त्याला मंजुरीही लवकर मिळते, कारण खर्च तर होणारच असतो.

आता तुझा प्रश्न. शाळा, पाणी की झाडं? तुमच्या कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या गावात आधी जा. कायदाही स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. तिथे नवीन काही देण्याआधी आधीच्या कंपन्यांनी दिलेलं काय पडून आहे ते बघ. आरओचं यंत्र बंद असतं, कारण फिल्टर बदलायला पैसे नाहीत. स्वच्छतागृहाला कुलूप, कारण टाकीला पाणी नाही. स्मार्ट टीव्ही हेडमास्तरांच्या कपाटात, कारण वीजबिल कुणी भरायचं ते ठरलेलं नाही. तीच बंद पडलेली कामं दुरुस्त करून पुढची तीन वर्षं चालवायचा प्रस्ताव कर. फीत कापता येणार नाही म्हणून साहेब नाखूष होतील. झाडं लावायचीच असतील तर जुलैत लावणाऱ्याचं नाव लिहू नकोस, एप्रिलमध्ये टँकर कोण आणणार त्याचं लिही.

आणि एकदा आमच्या गल्लीत ये. गुरुवारी येऊ नकोस, एमआयडीसीला सुट्टी असते आणि बंद प्रेस बघून काही कळत नाही. बुधवारी दुपारी दोनच्या पुढे ये, तेव्हा तुमच्याच कंपनीचा जॉब लागलेला असतो. सँडल नको, बूट घालून ये, खाली पत्र्याचे बर असतात. जमलं तर तुमच्या पर्चेसमधल्या त्या तरुण मुलालाही आण. तो तीन वर्षं मला रेट पाठवतो आहे, शॉप त्याने अजून पाहिलेलं नाही.

ताईला सांग, लोणच्याची बरणी पोचली.

तुझा,
नानामामा