हात नाही, व्हाइस

गणपतीत मंडळाच्या पोरांसाठी बंदुकीचा खेळ लावावा म्हणून बेळगावातल्या एका दुकानातून चार अल्ट्रासॉनिक सेन्सर आणले. जुन्या टीव्ही गेमची बंदूक आताच्या सपाट पडद्यावर चालत नाही, हे सांगायला नको. दुकानदार म्हणाला, "ह्यानं नेम कळतोय की वो, घेऊन जावा." उद्यमबागेतल्या कारखान्यात इतकी वर्षं मापं घेणारा मी, मुकाट्यानं पिरनवाडीला घरी घेऊन आलो.

हा सेन्सर सेकंदाला चाळीस हजार कंपनांचा आवाज सोडतो. आपल्याला तो ऐकू येत नाही. आवाज आदळून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढायचं. म्हणजे बंदूक किती लांब आहे ते कळणार. नळी कुणीकडे वळलीय, ते नाही! त्यासाठी नळीचं तोंड आणि दस्ता, दोन्हींच्या जागा हव्यात. मी तेही केलं. आकडे नाचायचे थांबेनात. रात्री एक वाजता बंदूक व्हाइसमध्ये आवळली, तरी माप सेंटिमीटरभर सरकलं. तोंड ते दस्ता तीस सेंटिमीटर, पडदा अडीच मीटरवर. एका सेंटिमीटरची चूक पडद्यावर आठ सेंटिमीटर होते. नेम धरायचं पडद्यावरचं बदक सहा सेंटिमीटरचं होतं.

परत द्यायला गेलो तर म्हणे, "तुमचा हात हालतोय वो." व्हाइसचा हात! उघडलेला माल परत घेत नाही, हेही तेव्हाच कळलं. बिल मागितलं नव्हतं, ही चूक माझी.

१९८९ साली अमेरिकेत आलेल्या पॉवर ग्लोव्ह या टीव्ही गेमच्या हातमोज्यातही अल्ट्रासॉनिकच होतं. पण तिथं आवाज हातमोजाच सोडायचा आणि टीव्हीभोवतीचे तीन रिसीव्हर तो ऐकायचे. आपला सेन्सर प्रतिध्वनीवर जगतो. त्याला आधी सापडतं ते पुढं उभ्या पोराचं पोट. चारही एकदम लावले तर एकमेकांचे आवाज ऐकतात. पाळीनं लावले तर प्रत्येकी साठ मिलिसेकंद धरा, म्हणजे पाव सेकंद गेला. तोवर पोरगं वळलेलं असतं.

तेव्हा दुकानात आधी विचारा, हे अंतर सांगतं की दिशा? समोर चालवून दाखवायला लावा. नेमच हवा असेल तर टीव्हीच्या कडेला इन्फ्रारेड दिवे आणि बंदुकीत ते बघणारा कॅमेरा घ्या. २००६ च्या वी या टीव्ही गेमच्या रिमोटात तीच युक्ती आहे.

चारांतला एक सेन्सर आता गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजतो. सेंटिमीटरभर चुकतो, चालतंय.