हात मोकळे राहतील एवढंच सामान

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)
१० नोव्हेंबर

चि. सायली,

आम्ही चौघं मुंबईहून लक्षद्वीपला क्रूझने निघतोय, सामानाचं काय ते सांग, असं तू विचारलंस. आधी एक कसोटी सांगते. बोटीवर चढता-उतरताना तुझा एक हात लेकाला, अर्णवला, आणि एक हात सासूबाईंना धरायला मोकळा राहिला पाहिजे. त्याच्या आड येईल ते सामान घरीच ठेव.

कोकणातल्या आपल्या माणसांची हीच रीत होती. मुंबई-पणजी बोटी हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत जायच्या. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. हलत्या शिडीवरून पडावात उतरावं लागे. लक्षद्वीपला आजही तसंच आहे. बेटांभोवती प्रवाळाची रांग आणि आत उथळ पाणी, म्हणून मोठं जहाज बाहेरच नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून किनारा गाठावा लागतो. बेटावर उतरायच्या दिवशी पाठीवर एकच सॅक ठेव. पायांत मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या सँडल घाला.

मोठ्या बॅगा बॅलार्ड पिअरला टर्मिनलवरच द्याव्या लागतात. त्या केबिनपर्यंत पोहोचायला काही तास लागतात. म्हणून तुमची खरी बॅग ती, जी खांद्यावर असेल. तिच्यात सासूबाईंच्या गोळ्या, इन्सुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी आणि साखर एकदम कमी झाली तर लागणारी ग्लुकोज पावडर ठेव. इन्सुलिन थंड ठेवायची सोय काय, हे बुकिंगच्या लोकांना आजच विचार. अर्णवचा एक जोड, त्याचं सुकं खाणं आणि त्याच्या खिशात तुमची नावं नि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू दे. सर्वांची मूळ ओळखपत्रं आणि लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्याचे कागद झिपच्या प्लास्टिक पाकिटात घाल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा वाकोल्यात घराघरांतली रेशनकार्डं आणि दाखले भिजले. कागद कोरडे ठेवायची अक्कल त्या पाण्याने आपल्या भागाला कायमची दिली आहे.

बोट लागण्याची भीती बाळगू नकोस, तयारी ठेव. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, ती आधी घ्यावी लागते. सासूबाईंच्या बाकीच्या औषधांशी ती जमते का आणि अर्णवला किती द्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून आण. सोबत आलेपाक ठेव. मळमळलं तर केबिनमध्ये पडून राहू नका. खालच्या मजल्यावर जहाजाच्या मधोमध हेलकावे कमी बसतात, किंवा डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहा.

कपडे सुती आणि लवकर वाळणारे घ्या. जेवणाच्या हॉलमध्ये आणि नाटकगृहात एसी चांगलाच गार असतो, तेव्हा सासूबाईंची शाल आणि अर्णवचा स्वेटर हाताशी हवा. रात्रीच्या जेवणाला एक चांगला पोशाख पुरे. बेटांवरची वस्ती बहुतांशी मुस्लिम आणि साधी राहणारी आहे. गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत. बॅगा मऊ कापडाच्या घे, रिकाम्या झाल्या की घडी करून पलंगाखाली जातात.

इस्त्री, इलेक्ट्रिक किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नकोस. समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नाही, म्हणून जहाजावर त्यांना मनाई असते. घरी शिजवलेलं अन्नही बहुधा चालत नाही. सासूबाईंचं पथ्य आधी कळवलं तर स्वयंपाकघर सोय करतं. नियम कळल्यावर डबा लपवून नेऊ नकोस. तपासणीत डबा अर्णवसमोर बाहेर काढावा लागेल आणि तो लपवाछपवीच शिकेल.

चढल्या चढल्या केबिन सांभाळणाऱ्याकडून अर्णवच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घे. सुरक्षा कवायतीला चौघंही जा. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे प्रवासी जहाज कलंडलं आणि ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेण्याचा नियम झाला.

परतताना बॅगेत प्रवाळाचा तुकडा येता कामा नये, अर्णवने कितीही हट्ट केला तरी. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या प्रवाळावरच ती बेटं उभी आहेत. रिकामी बाटली, बिस्किटाचा कागद, सगळं सॅकमधून परत आणा.

आता शेवटचं, आणि मला सर्वांत कळकळीने सांगायचं ते. चौघांचं सामान तू एकटीने भरू नकोस. घराघरांत बाई सगळ्यांच्या बॅगा भरते, आणि सुट्टीवर गेल्यावरही कोणाचं काय कुठे आहे हे तिलाच विचारतात. मग तिची सुट्टी होतच नाही. सासूबाईंना त्यांच्या गोळ्यांचे डबे स्वतः लावू दे. अर्णवला त्याची चड्डी-टोपी मोजून आणायला सांग. त्याची बाकीची बॅग, कागदपत्रं आणि टॅक्सी जावईबापूंकडे. वाकोला जंक्शनला गाडी किती वेळ अडकते हे त्यांना ठाऊक आहे, किती आधी निघायचं ते त्यांनीच ठरवावं. यादी फ्रिजवर लाव, प्रत्येक कामापुढे नाव लिही, आणि ज्या कामापुढे तुझं नाव नाही ते राहिलं तरी उठून करायला जाऊ नकोस.

तुझी,
मावशी