कॉम्प्युटर घेताय? आधी विहीर बघा!

अ‍ॅडमिशन झाली की होस्टेलवर एक प्रश्न हमखास निघतो, "कुठला कॉम्प्युटर घेऊ?" मग एका रूममध्ये डेस्कटॉपवाले, दुसरीत लॅपटॉपवाले, मॅकवाला एखादाच आणि लिनक्सवाला सगळ्यांत कट्टर! पहाटेपर्यंत वाद चालतो, उत्तर मात्र मिळत नाही.

मी वडूजचा. आमचा खटाव तालुका दुष्काळी पट्ट्यातला. कांद्याच्या पट्टीतून अण्णांनी ५५ हजार बाजूला काढून ठेवले होते. पैसे एकदाच मिळणार होते. निवड चुकली तर चार वर्षं तीच निभवायची. मी दुकानांची पत्रकं पसरून बसलो, तेव्हा अण्णांनी विचारलं, "त्यावर काम काय करणार हाईस?" मला धड सांगता येईना. ते म्हणाले, "विहिरीत पाणी किती खोल हाय ते न बघता कुणी मोटर घेतं व्हय?"

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण ज्याला हेड म्हणतो, तेच अण्णा सांगत होते! मग मी आधी कामांची यादी केली: सॉलिडवर्क्स, सी प्रोग्रॅमिंग, रिपोर्ट आणि आईच्या बचत गटाचा मराठीतला हिशेब. त्यावरून पुढचे मुद्दे तपासले.

१) सॉफ्टवेअर : सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालते. सिव्हिलवाल्यांच्या ईटॅब्सचेही तेच. नुसते प्रोग्रॅमिंग असेल तर लिनक्स फुकट आणि उत्तम. २०२० पासूनच्या एम चिपच्या मॅकबुकची बॅटरी झकास, पण त्यांची रॅम नंतर वाढवता येत नाही. माझ्या सिव्हिलच्या रूम पार्टनरने यादी न करताच मॅक घेतला. सबमिशनच्या आठवड्यात बिचारा लॅबच्या रांगेत!

२) वीज : डेस्कटॉप मॉनिटरसह १५० वॅट धरला तर ८ तासांत १.२ युनिट जळते. लॅपटॉप ५० वॅट धरला तरी ०.४ युनिट. लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-अवर. कागदावर अर्धा तास, पण एकदम जास्त करंट ओढल्यामुळे प्रत्यक्षात १०-१५ मिनिटेच. लॅपटॉपची ५० वॅट-अवरची बॅटरी १० वॅटच्या लिखाणकामाला ५ तास पुरते. सॉलिडवर्क्स उघडले की मात्र ती भराभर उतरते, हे विसरू नका.

३) दुरुस्ती : आयबीएमने १९८१ साली पीसी काढला तो बाजारात मिळणारे भाग वापरून. त्यामुळे इतर कंपन्यांनाही तसेच मशीन करता आले, आणि आज डेस्कटॉपचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. त्याच पैशात डेस्कटॉपची ताकदही जास्त. पण तो एसटीतून घरी कसा न्यायचा?

४) मराठी : युनिकोड मराठी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. हा मुद्दा बाद!

शेवटी मी विंडोजचा लॅपटॉप घेतला, ८ जीबी रॅमचा, पण एक स्लॉट रिकामा असलेला. पुढच्या वर्षी त्यात आणखी ८ जीबी टाकली. घरी जुना डेस्कटॉप होता. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यावर चढेना. तो भंगारात न देता त्यावर लिनक्स टाकले. आता आई लिब्रेऑफिसमध्ये गटाचा हिशेब ठेवते.

थोडक्यात काय, "कुठला चांगला?" हा प्रश्नच अर्धवट आहे. "माझ्या कामाला कुठला?" असे विचारा. दुकानात जाण्यापूर्वी कागदावर दहा ओळी लिहा, सीनियरला विचारा, आणि पैसे कुणाच्या घामाचे आहेत तेही आठवा. मग जो घ्याल तो चांगलाच!